कोर्ट नाक्यावरच्या वकील मॅडम : चुकवलेल्या जामिनाच्या जुन्या प्रकरणात घेतलेल्या सेवेविषयी

माझ्या धाकट्या भावाने २०१३ साली ठाण्याच्या न्यायालयातील तारखा चुकवल्या आणि २०२५ साली पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ते प्रकरण पुन्हा समोर आले. त्यानंतरच्या तीन महिन्यांत कोर्ट नाका परिसरातील एका वकील मॅडमच्या कार्यालयाची जी सेवा आम्ही घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. मॅडमचे नाव येथे देत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे नाव न छापण्याची विनंती त्यांनी स्वतःच केली आणि मला ती योग्य वाटली. नावाशिवायही हा अनुभव उपयोगी पडेल, कारण अशा कामासाठी वकील निवडताना काय पाहावे हे मला आधी कोणी सांगितले असते तर आमचे आठ हजार रुपये आणि एक महिना वाचला असता.

मूळ प्रकरण लहान होते. जून २०१२ मध्ये पावसात माजिवड्याजवळ भावाच्या मोटारसायकलचा धक्का एका पादचाऱ्याला लागला, त्यांचा हात खरचटला आणि घोटा मुरगळला. भारतीय दंड संहितेची कलमे २७९ व ३३७ आणि मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ लागले. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर भाऊ न्यायालयात हजर झाला, पंधरा हजार रुपयांच्या बंधपत्रावर, म्हणजे तारखेला हजर राहण्याच्या लेखी हमीवर, त्याला जामीन मिळाला आणि जामीनदार म्हणून आमच्या मामांनी सही केली. मामा तेव्हा कळव्याच्या चाळीत राहत होते. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि पगाराची स्लिप घेऊन ते एका शब्दावर आले होते. पुढे भावाला नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, दोन तारखांना तो रजा काढून आला, तिसऱ्या तारखेला आला नाही, आणि त्यानंतर तो कधीच गेला नाही. घरात कोणी त्याला विचारलेही नाही. मामा २०१४ मध्ये ऐरोलीला मुलाकडे राहायला गेले आणि चाळीतली खोली त्यांनी सोडली.

पडताळणीसाठी आलेल्या पोलिसांनी नोंद दाखवली तेव्हा आम्ही सर्वांनी एकच वाक्य म्हटले, की बारा वर्षे झाली, आता ती केस संपली असेल. हा समज किती पक्का असतो हे मी स्वतःवरून सांगतो. मुदतीचा कायदा आहे हे खरे, पण तो न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यापुरता आहे. एकदा दखल घेतली गेली की आरोपी गैरहजर राहिल्याने प्रकरण जुने होऊन मिटत नाही. वॉरंटचेही तसेच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० प्रमाणे वॉरंट बजावले जाईपर्यंत किंवा ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत जिवंत राहते. आरोपी बराच काळ सापडला नाही तर प्रकरण डॉर्मंट फाइलला ठेवले जाते. ते तेथे निकाली निघत नाही, आरोपी सापडण्याची वाट पाहत पडून राहते, आणि आरोपी आला की पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घेतले जाते.

घाबरून आम्ही प्रथम ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी कागद न पाहताच आठ हजार रुपये आगाऊ घेतले, अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागेल असे सांगितले आणि त्यासाठी आणखी पंचवीस हजार मागितले. महिनाभर फक्त फोन झाले. एकदा तर त्यांनी वॉरंट ‘मॅनेज’ होईल असे सुचवले, त्या दिवशी मी तो संबंध तोडला. त्यानंतर कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही या मॅडमकडे आलो.

त्यांचे कार्यालय एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून टेंभी नाक्यामार्गे चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी फी सांगितली नाही. आधी प्रथम खबर क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणे विचारले, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्यावरून शोध घेतला आणि प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाची स्वतंत्र ओळख, काढून आमच्या हातात दिला. आम्ही घरी नावावरून शोधले होते तेव्हा काहीच सापडले नव्हते, कारण नोंदीत आडनावाचे स्पेलिंग वेगळे होते. मग अटकपूर्व जामिनाचा विषय त्यांनी दोन वाक्यांत संपवला. तो अर्ज अजामीनपात्र गुन्ह्यातील अटकेच्या भीतीसाठी असतो. येथे गुन्हा जामीनपात्र आहे, अटक होणार आहे ती न्यायालयाच्या वॉरंटमुळे, आणि ज्या न्यायालयाने वॉरंट काढले त्याच न्यायालयापुढे स्वतः हजर होऊन ते रद्द करून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मूळ गुन्ह्यातील कलम २७९ खाली जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कलम ३३७ खाली सहा महिने किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही. जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय न्यायालयात हजर न होणे हा मात्र २००६ पासून कलम २२९-अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही शिक्षा मूळ गुन्ह्याच्या शिक्षेव्यतिरिक्त असते आणि कारण पुरेसे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणजे ज्या अपघातात बहुधा दंडावर निभावले असते, त्याच्या तारखा टाळून भावाने दुप्पट मोठी शिक्षा स्वतःहून ओढवून घेण्याची सोय केली होती. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २६९ झाले आहे आणि शिक्षा तीच आहे.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. पण बंधपत्राची हजेरीची अट एकदा मोडली की त्याच प्रकरणात पुढच्या वेळी न्यायालय जामीन नाकारू शकते, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३६ मधील दुसऱ्या पोटकलमाची तरतूद कोणी सांगितली नव्हती. म्हणून मॅडमनी भावाला स्पष्ट शब्दांत सांगितले, “वॉरंट त्याच दिवशी रद्द होईल अशी मला आशा आहे, पण मी तुम्हाला हमी देणार नाही. हजर होण्याच्या दिवशी एक जोडी कपडे आणि तुमची रोजची औषधे पिशवीत घेऊन या.” भावाचा चेहरा उतरला, वहिनी रडली, पण मला त्याच क्षणी या बाईंवर विश्वास बसला. आधीच्या ठिकाणी सर्व काही शंभर टक्के होणार होते.

दुसऱ्या दिवशीच त्यांच्या कनिष्ठ वकिलाने फाइल पाहण्यासाठी अर्ज केला आणि नवव्या दिवशी रेकॉर्ड रूममधून फाइल मिळाली. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयाची नोंद, वाचताना मॅडमनी मला शेजारी बसवून घेतले होते. पिवळे पडलेले पातळ कागद, कडेला लाल दोरा, आणि वेगवेगळ्या शाईत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले जवळजवळ तेच शब्द : आरोपी गैरहजर, जामीनपात्र वॉरंट जारी करा, आरोपी गैरहजर, वॉरंट न बजावता परत, आरोपी गैरहजर, अजामीनपात्र वॉरंट जारी करा, जामीनदारास नोटीस. एका तारखेला पुकारा करूनही आरोपी आला नाही असे लिहिले होते. त्या दिवशी भाऊ नाशिकमध्ये होता आणि संध्याकाळी आम्ही फोनवर गणपतीच्या तयारीविषयी बोललो होतो, हे मला तारखेवरून आठवले.

मॅडम त्या रोजनाम्यात दोन गोष्टी शोधत होत्या. पहिली म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ खालील उद्घोषणा निघाली होती का. वॉरंट टाळण्यासाठी आरोपी लपून बसला आहे अशी खात्री झाल्यास न्यायालय किमान तीस दिवसांची मुदत देऊन जाहीर उद्घोषणा करते, त्याबरोबर कलम ८३ खाली मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि उद्घोषणेनंतरही न येणे हा दंड संहितेच्या कलम १७४-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणखी वेगळा गुन्हा होतो. गंभीर गुन्ह्यांत फरार घोषित झालेल्यासाठी तो सात वर्षांपर्यंत जातो. सुदैवाने आमच्या प्रकरणात उद्घोषणा निघालेली नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे न्यायालयाने थेट अजामीनपात्र वॉरंट काढले होते का. समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतरच अजामीनपात्र वॉरंट असा क्रम शक्यतो पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे. आमच्या फाइलमध्ये हा क्रम नीट पाळलेला दिसला, म्हणून मॅडमनी तो मुद्दा घेतलाच नाही. जो मुद्दा नाही तो उगाच मांडायचा नाही, ही त्यांची पद्धत मला पुढेही दिसली.

भावाने मध्येच एका ओळखीच्या डॉक्टरकडून जुन्या तारखांचे आजारपणाचे सर्टिफिकेट आणण्याचा विचार बोलून दाखवला. मॅडमनी पेन खाली ठेवले आणि तसे करायचे असेल तर वकालतनामा परत घेऊन जा, असे सांगितले. त्याऐवजी त्यांनी नाशिकच्या कंपनीचे नेमणूकपत्र, तेव्हाचा भाडेकरार आणि २०१३ मध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेचे रुग्णालयाचे कागद मागवले. अर्जात त्यांनी भाऊ पळून गेला नव्हता, नोकरीसाठी गेला होता, त्याने निष्काळजीपणा केला आणि त्याबद्दल तो दिलगीर आहे, एवढेच लिहिले. नोकरीमुळे येणे शक्य नव्हते तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज करता आला असता, कायद्यात कलम २०५ आणि ३१७ त्यासाठीच आहेत, हे सांगताना त्यांच्या स्वरात चीड होती आणि ती रास्त होती. एका पानाचा अर्ज बारा वर्षांपूर्वी दिला असता तर यातले काहीच झाले नसते.

अर्जातील आणखी एक बाब कौतुकाची आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यापासून सगळीकडे नवी कलमे लिहिण्याची घाई दिसते. परंतु १ जुलै २०२४ रोजी जे खटले प्रलंबित होते ते जुन्या संहितेप्रमाणेच चालवायचे, असे नव्या संहितेच्या कलम ५३१ मध्ये स्पष्ट आहे. कनिष्ठ वकिलाने मसुद्यात नवे कलम घातले होते; मॅडमनी ते खोडून जुन्या संहितेचे कलम ७०(२) केले आणि का केले हे त्याला आमच्यादेखत समजावून सांगितले.

आता मामांविषयी. आमच्या घरात या प्रकरणाचा खरा भार ज्यांच्यावर पडला ते मामाच, आणि या सेवेचे मोल मी मुख्यतः त्यावरून करतो. जामीनदाराची सही ही कोर्टातली एक औपचारिकता आहे, असे आपल्याकडे धरून चालतात. वस्तुतः आरोपी तारखेला आला नाही की बंधपत्र जप्त होते, कलम ४४६ खाली जामीनदाराला रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस निघते, रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते आणि ती वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. मामांच्या नावाची नोटीस कळव्याच्या पत्त्यावर गेली होती आणि तेथे राहत नाहीत अशा शेऱ्यासह परत आलेली फाइलमध्ये होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने तो शेरा वाचला आणि फक्त एवढेच विचारले, की म्हणजे इतकी वर्षे कोर्टाला मी फसवा वाटलो का? मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही फसवलेले नाही. पण भाचा नाशिकला गेला तेव्हाच तुम्ही कोर्टात अर्ज देऊन जामीनदारीतून मोकळे होऊ शकत होता. कलम ४४४ आहे त्यासाठी. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते.” ते सांगायचे कोणी, याचा विचार मी त्या दिवसापासून करतो आहे. मामांना सहीसाठी घेऊन जाणारा मीच होतो.

मामांसाठी त्यांनी वेगळा अर्ज केला. बंधपत्राची रक्कम कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, मात्र त्याची कारणे नोंदवावी लागतात, म्हणून त्यांनी वय, निवृत्तिवेतनाचे पासबुक, पत्ता बदलल्याचे पुरावे आणि आरोपी आता स्वतःहून हजर होत आहे ही बाब एकत्र मांडली. पंधरा हजारांपैकी तीन हजार भरून मामा मोकळे झाले. ते पैसे भावाने भरले, पावती मात्र मामांच्या नावाची होती आणि ती त्यांनी मागून घेतली.

हजर होण्याचा दिवस मॅडमनी मुद्दाम सोमवार निवडला. शुक्रवारी काही अडले तर शनिवार-रविवार आत काढावे लागतील, हे कारण होते. साडेदहाला आम्ही पोहोचलो, अकराच्या सुमारास अर्ज दाखल झाला, सरकारी वकिलांचा से, म्हणजे अर्जावरचे म्हणणे, येईपर्यंत भाऊ कोर्ट हॉलच्या मागच्या बाकावर पोलीस शिपायाशेजारी बसून होता. आम्हाला त्याच्याजवळ जाऊ दिले नाही. दुपारनंतर सुनावणी झाली. न्यायाधीशांनी भावालाच विचारले, की एवढी वर्षे का आला नाही, आणि त्याने शिकवल्याशिवाय उत्तर दिले की भीती वाटली, मग उशीर झाला म्हणून जास्त भीती वाटली. एक हजार रुपये खर्च भरण्याच्या अटीवर वॉरंट रद्द झाले. पूर्वी बंधपत्र मोडलेले असल्यामुळे नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडले नाही. नवे बंधपत्र आणि जामीनदार मागितला, आणि जामीनदाराचे कागद तपासून होईपर्यंत चार आठवड्यांसाठी रोख रक्कम भरून घेतली. कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार हवा का’ असे विचारणारी दोन माणसे त्या तासाभरात माझ्यापर्यंत आली. मॅडमनी आधीच बजावले होते की भाड्याचा जामीनदार उभा करणे म्हणजे खोट्या कागदांचा नवा गुन्हा अंगावर घेणे आहे. कलम २२९-अ खाली कारवाई झाली नाही, ती होऊ शकली असती.

फीविषयी लोक विचारतील म्हणून लिहितो. वॉरंट रद्द करणे, नवा जामीन आणि मामांचा अर्ज यांचे मिळून अठरा हजार रुपये दोन टप्प्यांत घेतले, प्रत्येकाची पावती दिली. मूळ खटल्याची फी वेगळी आहे आणि ती त्यांनी लेखी सांगितली आहे. ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि हेही आम्हाला मॅडमनीच सांगितले, स्वतःची फी ठरण्याआधी.

उणिवाही आहेत. दुपारी फोन उचलला जात नाही, संदेशाला उत्तर रात्री दहानंतर येते, आणि त्या काळात आरोपीच्या घरच्यांची काय अवस्था असते याची कार्यालयाने अधिक जाणीव ठेवायला हवी. प्रमाणित नकलांचा खर्च अठरा हजारांत नाही हे सुरुवातीला सांगितले गेले नाही. इमारतीला लिफ्ट नाही. मामा दोन वेळा दोन मजले चढून आले आणि दुसऱ्या वेळी जिन्यावरच बसले. ज्येष्ठ पक्षकारांसाठी खाली येऊन सही घेता आली असती. या कारणांमुळे मी पाचपैकी चार गुण देईन. कामातील सचोटीला मात्र पाचपैकी पाच.

पासपोर्टचे काम अजून बाकी आहे. खटला प्रलंबित असताना १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो, तो अर्ज मॅडम पुढील टप्प्यात करणार आहेत. गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हावे का, असे भावाने विचारले होते. दोषसिद्धीची नोंद कायम राहते, आधी साक्षीदार काय सांगतात ते पाहू, असे उत्तर मिळाले. पुढच्या तारखेला फिर्यादीची साक्ष आहे. भाऊ आदल्या रात्रीच नाशिकहून येऊन माझ्याकडे उतरणार आहे, आणि नव्या बंधपत्रावर जामीनदार म्हणून या वेळी माझी सही आहे.